गाडी आमची, विमा साडूंचा

माणसाने एक वेळ घर बदलावं, नोकरी बदलावी, चष्म्याचा नंबर तर आपोआपच बदलतो. पण गाडीचा विमा बदलायचा विचार मनात आला तर थंड पाण्याने तोंड धुवावं आणि पडून राहावं. त्यातून विमा एजंट हा बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा असेल, तर उठूच नये. हे शहाणपण मला आता आलेलं आहे. पण ते उशिरा आलं याची मला काडीचीही खंत नाही, कारण मी जिंकलो. हरलो असतो तर ही हकीकत तुम्ही साडूंच्या तोंडून ऐकली असती, आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगितली असती यात मला शंका नाही.

साडू म्हणजे माणूस वाईट नाही. मदतीला तत्पर. फारच तत्पर. तुम्ही पाय घसरून पडायच्या आत ते तुम्हाला उचलायला येतात आणि मग तुम्ही पडलात असं गावभर सांगतात. आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे विमे तेच उतरवतात. माझ्या गाडीचाही. गाडी मी माझ्या पैशांनी घेतली, तिला पेट्रोल मी घालतो, तिच्यावरची कबुतरांची घाण मी पुसतो. पण तिचा विमा म्हटलं की घरात सगळे साडूंकडे बघतात.

झालं काय, की ताईंच्या घरी चहाला सगळे जमलो होतो. ताई म्हणजे माझी मेहुणी, साडूंची बायको. सासूबाईही होत्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याबद्दल बोलणं चाललं होतं. मध्ये बिस्किटांची बशी फिरली आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी नम्रपणे म्हणालो, "यंदाही आपल्याला नो क्लेम बोनस आहे बरं का."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर तुम्ही गाडी कुठे आपटली नाहीत, कंपनीकडे भरपाई मागितली नाहीत, की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. लोक याकडे सवलत म्हणून बघतात. मी चारित्र्याचा दाखला म्हणून बघतो. शाळेत मला कशातच बक्षीस मिळालं नाही. हे एवढं एकच दरवर्षी मिळतं.

साडूंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मिळणारच! गाडी घराबाहेर काढतच नाहीत, तर आपटणार कुठे?"

सगळे हसले. ताई हसल्या. सासूबाई हसल्या. आमची ही मान खाली घालून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते.

"आणि पुढच्या वर्षीची पॉलिसी मीच परस्पर करून टाकतो," साडू पुढे म्हणाले. "यांच्या काही लक्षात राहायचं नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. अशा वेळी शहाणा माणूस बिस्कीट खातो. मी म्हणालो, "गाडी बाहेर काढत नाही म्हणता? ऑपरेशन झालं की रविवारी सकाळी आईंना दवाखान्यातून घरी मी आणणार. माझ्या गाडीतून."

"आणा की," साडू म्हणाले. "पण आदल्या दिवशी एकदा सुरू करून बघा."

पुन्हा हशा. घरी येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. साडूंचा विमा नको. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या माणसाचा, कुठल्याही नात्यात न बसणारा विमा घ्यायचा. चालू पॉलिसी संपायला अजून अवकाश होता. पण ती संपेपर्यंत थांबलो असतो तर साडूंनी पुढची परस्पर करून टाकली असती, हे त्यांनीच जाहीर केलं होतं. तेव्हा जे काय करायचं ते आत्ताच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी सही मागायला येत नाही, त्यामुळे ते सल्ला देतात. त्यांना मी जिन्यात गाठलं. खरं म्हणजे त्यांनी मला गाठलं, पण ते असो.

"आधी जुनं बंद करा," मॅनेजर म्हणाले. "मग नवं उघडा. दोन्ही एका वेळी चालू ठेवलीत की घोळ झालाच म्हणून समजा."

"पण हे बँकेचं खातं नाही. विमा आहे."

"तत्त्व एकच."

ज्या माणसाने आयुष्यभर तत्त्वावर माणसांना रांगेत उभं केलं, त्याच्याशी जिन्यात वाद कोण घालणार? मी घरी येऊन जुन्या कंपनीला फोन लावला. पॉलिसी हवी असेल तर एक दाबा, भरपाई हवी असेल तर दोन दाबा, असं करत करत रद्द करायचा आकडा इतक्या शेवटी होता की तिथवर बहुतेकांचा राग निवत असावा. माझा निवला नाही. मग बराच वेळ सनई आणि तबला यांच्या मधलं काहीतरी वाजलं आणि एका मुलीचा गोड आवाज आला.

"सर, तुम्ही नवीन पॉलिसी घेतली आहे ना?"

बघा, तिने विचारलं होतं. सरळ, स्वच्छ, आपलेपणाने विचारलं होतं. पण त्या दिवशी मी कुणाच्याही आपलेपणाला विटलो होतो.

"घेतल्यातच जमा आहे," मी म्हणालो.

"धन्यवाद सर. तुमची पॉलिसी रद्द करण्यात आली आहे. आपला दिवस चांगला जावो."

मला वाटलं होतं अर्ज करावा लागेल, कुणीतरी मन वळवायचा प्रयत्न करेल, निदान वाईट वाटल्याचं म्हणेल. काही नाही. लग्नात आहेर परत करायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मग नव्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस एकदम दिलखुलास. माझं नाव, गाडीचं नाव, रंग, सगळं त्याला आवडलं. शेवटी त्याने विचारलं, "सध्याची पॉलिसी चालू आहे ना?"

"नाही. रद्द केली," मी अभिमानाने म्हणालो.

मग तोच माणूस, पण दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "मग गाडीची तपासणी लागेल. आधीच काही तुटलंफुटलंय का ते बघितल्याशिवाय विमा देता येत नाही. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका."

"पण मला रविवारी—"

"रस्त्यावर आणू नका," तो म्हणाला.

मी खिडकीतून खाली पाहिलं. आमची गाडी आवरणाखाली निवांत उभी होती. काल ती इभ्रतदार गाडी होती. आज तिला कुणी वाली नव्हता. आणि हे मी केलं होतं, मॅनेजरांच्या तत्त्वावर.

जुनी पॉलिसी रद्द झाल्याची सूचना कंपनीकडून एजंटला आपोआप जाते, हे मला ठाऊक नव्हतं. साडूंनी मला फोन केला नाही. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं: "आमच्या साडूभाऊंच्या हातून काहीतरी चूक झालेली दिसते. गाडीचा विमा गेला. बिचारे. कुणी त्यांना बोलू नये. रविवारी आईंना मी घेऊन येईन." खाली पटापट अंगठे उमटू लागले. माझ्या सख्ख्या मामांनीसुद्धा अंगठा दिला, ज्यांना ग्रुपवर मीच घेतलं होतं.

ही स्वयंपाकघरात उभी राहून फोन वाचत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुम्ही खरंच रद्द केलीत?"

"केली."

"मला न विचारता?"

"हो."

आता भडका उडणार म्हणून मी एक पाय मागे घेतला. पण तिने फोन ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "बिचारे म्हणजे काय? माझ्या नवऱ्याला बिचारा म्हणणारे भाऊजी कोण? ते मी म्हणायचं."

"अगं पण—"

"पणबिण काही नाही. रविवारी आई आपल्याच गाडीतून यायला हवी. आता माघार घेतलीत तर माझ्याशी गाठ आहे."

मला एकदम भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या उघडपणे ही माझ्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. भांडण माझं होतं, चूकही माझीच होती, आणि तरी ती माझ्या बाजूला होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडीवरचं आवरण काढा.

तपासणी घरच्या घरी करता येणार होती. आपल्याच फोनवर गाडीची चित्रफीत काढायची. अट एवढीच की पुढून सुरू करून, गाडीला पूर्ण फेरी मारून, मध्ये कुठेही न थांबता पुन्हा पुढे यायचं. वाचताना हे सोपं वाटतं. पण आमच्या गाडीची जागा म्हणजे एका बाजूला भिंत, मागे खांब आणि दुसऱ्या बाजूला इमारतीच्या सेक्रेटरींची नवी कोरी गाडी. फेरी मारायची तर मारणाऱ्याला पालीचं अंग हवं. गाडी पुढे मोकळ्यात आणणं भाग होतं.

मी किल्ली घेऊन खाली उतरलो तर सेक्रेटरी दोन्ही हात पसरून आपल्या गाडीसमोर उभे.

"विमा नाही म्हणे तुमच्या गाडीला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरच्या मॅनेजरांनी. बिनविम्याचं इंजिन माझ्या गाडीशेजारी सुरू होणार नाही. उद्या काही झालं तर मी कुणाकडे मागायचं?"

"इमारतीच्या आवारात आहे हो. चार हात पुढे घ्यायचीय."

"इंजिन सुरू होणार नाही."

एव्हाना मॅनेजर खाली आलेच होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "इंजिन सुरू करणं म्हणजे गाडी चालवणं. ढकलणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. ढकललेली गाडी ही कायद्याच्या दृष्टीने एक जड वस्तू. कपाटासारखी."

सेक्रेटरींना हे पटलं. आपल्या कपाटाला विमा नाही आणि तरी आपण ते हलवलं होतं, असं ते म्हणाले. मग ते स्वतःच ढकलायला आले, कारण दुसऱ्या कुणी ढकलली तर त्यांच्या गाडीला घासेल अशी त्यांना भीती होती. मॅनेजर मागून, सेक्रेटरी डावीकडून, आमची ही उजवीकडे भिंतीच्या फटीतून, आणि मी पुढच्या दाराच्या चौकटीला खांदा लावून. "एक, दोन, तीन" कुणी म्हणायचं यावर थोडा वेळ गेला. ते मॅनेजर म्हणाले.

गाडी हलली. चांगली हलली. मला आठवतं, त्या क्षणी मला मनापासून आनंद झाला. शेजारी काय चीज आहे, असं वाटलं. गाडी चार हात पुढे आली. सहा हात आली. मग माझ्या ध्यानात आलं की आता आम्ही ढकलत नसून गाडीच्या मागे चालत आहोत. आमच्या आवाराला फाटकाकडे उतार आहे. इतकी वर्षं तिथे राहून हे मला माहीत होतं, पण त्या अर्थाने माहीत नव्हतं.

"ब्रेक!" ही ओरडली.

"ब्रेक कोण दाबतंय?" मॅनेजरांनी विचारलं.

कुणीच दाबत नव्हतं. चौघेही कपाट ढकलत होतो. आत कुणी बसायचं हे कपाटाच्या बाबतीत सुचत नाही.

गाडी अगदी सावकाश, एखाद्या पाहुण्याने निघावं तशी फाटकाकडे निघाली. मी दाराला लोंबकळत, एक चप्पल मागे टाकून, एक पाय आत घालायचा प्रयत्न करत तिच्याबरोबर निघालो. फाटकाबाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावर आणू नका असं मला दोनदा बजावलेलं होतं. सुदैवाने फाटकापाशी सेक्रेटरींच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. गाडीने पहिली कुंडी फोडली, दुसरी ढकलली आणि तिसरीला टेकून थांबली.

सगळे धावत आले. सेक्रेटरी कुंड्यांकडे, मी गाडीकडे. पुढच्या बाजूला एक लांबलचक ताजा ओरखडा. माझ्या निष्कलंक गाडीला, बिनविम्याच्या अवस्थेत, तपासणीच्या दिवशी, पहिला डाग. मी तिथेच खाली बसलो.

"यात एक चांगलं आहे," मॅनेजर म्हणाले. "आता चारी बाजूंनी मोकळी आहे."

ते खरंच होतं. मी उठलो आणि चित्रफीत काढली. ती तासाभरात नापास होऊन आली. कारण दिलं होतं: वाहनाभोवती अन्य व्यक्ती वावरत आहेत. ते मॅनेजर होते. मी फेरी मारत होतो तेव्हा तेही मारत होते, मला रस्ता दाखवायला. त्यांना जिन्यात उभं करून दुसरी काढली. तीही नापास. काचेत अयोग्य प्रतिबिंब. तो मी होतो. पायजम्याच्या पट्ट्यांमुळे गाडीचा रंग कळत नव्हता म्हणे. पँट घालून तिसरी काढली. या वेळी सगळं बरोबर चाललं होतं, पण मागे मागे सरकताना मी उरलेल्या कुंड्यांपैकी एकीत बसलो आणि चित्रफितीत शेवटी नुसतं आकाश आलं. त्यावर कंपनीने कारणसुद्धा दिलं नाही. त्यांनी कळवलं, शनिवारी संध्याकाळी आमचा माणूस प्रत्यक्ष येईल.

दरम्यान सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांना दवाखान्यात सोडायला अर्थातच साडू गेले, आपल्या मोठ्या गाडीतून, आणि ग्रुपवर फोटोही टाकला. फोटोत सासूबाई कमी आणि गाडी जास्त होती.

शनिवारी तपासनीस आला. कृश अंगाचा, हसायचं नाही असं ठरवून घराबाहेर पडलेला माणूस. त्याने गाडीभोवती फेरी मारली. आम्ही सगळे लांब एका ओळीत उभे. ओरखड्यापाशी तो थांबला.

"हे कधीचं?"

"जुनंच आहे, मूळचं," मॅनेजर म्हणाले.

"जुनं कसलं? माझ्या कुंडीचा रंग आहे त्यावर," सेक्रेटरी म्हणाले.

"ते आम्ही रविवारनंतर काढूनच टाकणार आहोत," ही म्हणाली.

तपासनिसाने हात वर केला. "ओरखडा आहे, एवढं मला पुरे. गोष्ट नको." त्याने फोटो काढला. गाडी सुरू करून कुंड्यांपासून मागे, उताराच्या वर घ्यायला लावली, आणि तपासनीस सांगतोय म्हटल्यावर सेक्रेटरी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. पुढचे दिवे, मागचे दिवे, वळायचे दिवे, सगळं त्याने पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या सकाळी पॉलिसी येईल. नो क्लेम बोनस हवा असेल तर जुन्या एजंटकडून तसं पत्र आणा. नाहीतर सोडून द्या."

सोडून द्या! ज्या बोनसवरून हे महाभारत घडलं तो सोडून द्या! आणि जुना एजंट कोण, तर साडू. त्यांच्या दारात जाऊन पत्र मागायचं म्हणजे नाक घासण्यासारखंच होतं. मी तपासनिसाला म्हणालो, "नको मग." पण म्हणताना नजर गाडीवरून हलेना. ही माझ्याकडे बघत होती. तिने फोन उचलला आणि आपल्या बहिणीला लावला. दोघी आत जाऊन काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही. पण तपासनीस चहा संपवतो न संपवतो तोच पत्र माझ्या फोनवर हजर. साडू बाहेर गेले होते. ताईंनी त्यांच्या टेबलावर बसून स्वतःच पाठवलं होतं. सोबत एकच ओळ होती: "यांना सांगू नका. आणि आता हरू नका."

रविवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगसमोर बसलो. शेजारी ही. गाडी बंद, कारण पॉलिसी अजून आलेली नव्हती आणि इतकं सोसल्यावर नियम मोडणं मला मंजूर नव्हतं. बाहेर मॅनेजर आणि सेक्रेटरी निरोप द्यायला उभे. फोन वाजला. साडूंचा ग्रुपवर संदेश: "मी निघालो." पुन्हा वाजला. कुणीतरी मला गादीवर सूट देऊ करत होतं. बाहेर मॅनेजर घड्याळ बघत होते. तिसऱ्यांदा वाजला आणि हिने फोन माझ्या हातातून ओढून वाचला.

"आली! बोनससकट!"

सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. मी रुबाबात किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. या वेळी खोकलीसुद्धा नाही. काल तपासनिसाला दिवे दाखवले ते बंद करायचे राहिले होते. रात्रभर दोन्ही दिवे जळत बसले आणि बॅटरी बसली.

कुणाच्या मनात साडूंचं ते आदल्या दिवशी सुरू करून बघण्याबद्दलचं वाक्य आलं असेल तर त्याने ते बोलून दाखवलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खरं सांगतो, मला रडू येत होतं. एवढा सगळा खटाटोप, आणि सासूबाई शेवटी मोठ्या गाडीतून येणार, फोटो निघणार, अंगठे उमटणार.

तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, उतार आहे ना आपल्याला!"

सेक्रेटरी होते. बाह्या सरसावून, माझ्या गाडीच्या मागे. बिनविम्याचं इंजिन सुरू होऊ न देणारे सेक्रेटरी. त्यांनी फाटक उघडलं होतं, कुंड्या बाजूला घेतल्या होत्या. मॅनेजरांनी दुसरी बाजू धरली. आणि ढकलण्याच्या कामात आम्ही आता काही नवखे नव्हतो. या खेपेला मी आत होतो, पाय क्लचवर, दुसरा गिअर टाकलेला. मॅनेजरांनी एक दोन तीन म्हटलं, गाडी उताराला लागली, मी क्लच सोडला, आणि इंजिनाने असा काही हुंकार दिला की फाटकाबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. मागे दोघे आनंदाने ओरडत होते. मी हॉर्न वाजवला. उगीचच वाजवला. माझ्या गाडीला विमा होता.

दवाखान्यापाशी साडूंची मोठी गाडी दारातच उभी. साडू हातात उशी आणि पाण्याची बाटली घेऊन सज्ज. शेजारी ताई, माझ्याकडे बघून अगदी अनोळखी चेहरा केलेल्या.

"या, या, साडूभाऊ," साडू म्हणाले. "कसे आलात? बसने?"

"गाडीने."

"विम्याशिवाय?"

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून वाचला. त्यांच्या धंद्यातले लोक वाचतात तसा, बारीक अक्षरांसकट. बोनसपाशी त्यांचा अंगठा थांबला. मग फोन परत देत म्हणाले, "ठीक आहे. छोटी कंपनी आहे, पण ठीक आहे. तरी आई माझ्याच गाडीत बसतील. सीट मागे जाते. गारवा आहे. ऑपरेशन झालेलं माणूस आहे."

तेवढ्यात सासूबाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हाताला नर्स. दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एकीकडे ती लांबलचक, चकचकीत गाडी, दार उघडून धरलेले थोरले जावई. दुसरीकडे ओरखडा पडलेली माझी गाडी, इंजिन चालूच, कारण बंद करायची माझी छाती नव्हती. एक शब्दही बोलू नकोस, असं मी स्वतःला बजावलं. आपली बाजू मांडायला गेलो की मी नेहमी हरतो.

सासूबाईंनी एका डोळ्याने दोन्ही गाड्या पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. "धाकट्या जावयांच्या गाडीत बसते मी."

"अहो आई, इकडे या ना," साडू म्हणाले. "इकडे किती प्रशस्त आहे!"

"प्रशस्त आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "पण तुमच्या गाडीत बसलं की उतरेपर्यंत माझी एखादी पॉलिसी झालेली असते. परवा इथे सोडायला आलात, तेव्हा अजून भूलसुद्धा दिली नव्हती. तरी मी सही केलीच ना?"

आधी ताई हसल्या. मग ही. मग नर्स, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. साडू उशी छातीशी धरून उभे राहिले. मग त्यांनी पुढे होऊन उशी मुकाट्याने माझ्या मागच्या सीटवर नीट लावून दिली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

सासूबाई उशीला टेकून बसल्या. मी आरसा सारखा केला, इंडिकेटर दिला, हात बाहेर काढून पुन्हा वेगळी खूण केली आणि दवाखान्याच्या फाटकातून गाडी रस्त्यावर घेतली. मागे मोठी गाडी रिकामी येत होती.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला. "जावईबापू, तुम्ही काही विकत नाही ना?"

"नाही, आई."

"मग लांबच्या रस्त्याने घ्या."